पार्श्वभूमी : कापडी पिशवी आणि २०,००० चा आकडा

प्लॅस्टिकबंदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : कापडी पिशवी २०,००० वेळा वापरली, तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा पर्यावरणाला परवडते. हा आकडा छापील अहवालातला आहे, कुणी मनाने रचलेला नाही. पण तो कुठल्या हिशेबातून आला, हे सांगायचं मात्र बहुतेक वेळा राहून जातं.

वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडायची पद्धत जुनी आहे. १९६९ मध्ये एका अमेरिकी शीतपेय कंपनीने बाटल्या आणि डब्यांची अशी तुलना करून घेतली. १९७३ च्या तेलटंचाईत ऊर्जेचा हिशेब महत्त्वाचा ठरला. पुढे कापडी लंगोट की डायपर, हा वाद पेटला. त्यात अभ्यासाचा खर्च जो करी, निकाल बहुधा त्याच्याच बाजूने लागे. शेवटी १९९७ मध्ये अशा हिशेबासाठी आयएसओ १४०४० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि २००६ मध्ये ते सुधारलं. दोन वस्तूंची तुलना लोकांसमोर मांडायची असेल तर ती आधी त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागते, हा त्यातला मोलाचा नियम.

२०,००० चा आकडा डेन्मार्कच्या एका सरकारी अहवालातला आहे. तो आला २०१८ साली, म्हणजे महाराष्ट्रात २३ मार्चला बंदीची अधिसूचना निघाली त्याच वर्षी. पिशवी होती सेंद्रिय कापसाची. अनेक निकषांपैकी जो तिला सर्वांत जड गेला, त्यावरून हा आकडा ठरला, आणि तो निकष होता ओझोन थराचा. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर हाच आकडा १४९ वर येतो. साध्या कापसाच्या पिशवीला तर ५२. शिवाय तुलनेसाठी २२ लिटरचं माप ठरवलं होतं. सेंद्रिय कापसाची पिशवी त्याहून थोडी लहान भरली, म्हणून एका प्लॅस्टिक पिशवीच्या बदल्यात तिच्या दोन धरल्या आणि तिच्या नावावरचा भार तिथेच दुप्पट झाला. माझ्या मते सगळ्यात वादग्रस्त निर्णय हाच. दोन-चार कांदे कमी मावले म्हणून बाजारात कोणी दुसरी पिशवी काढत नाही.

दुसरी अडचण कचऱ्याची. तिथली प्लॅस्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून जाते, मग भट्टीत जळते आणि त्यातून वीज आणि घरं तापवायची उष्णता मिळते. ती उघड्यावर पडण्याचा परिणाम नगण्य धरला आहे. डेन्मार्कपुरतं ते ठीक असेल. नाशकात घंटागाडीच्या हाती न लागलेली पिशवी नाल्यात जाते, पहिल्या मोठ्या पावसात नासर्डी किंवा वाघाडी नदीतून गोदावरीत उतरते. गाईच्या पोटातही जाते. २०,००० च्या आकड्यात यातलं काहीच नाही. म्हणून तो नाशिकला जसाच्या तसा लावणं मला चूक वाटतं.

याचा अर्थ कापूस निर्दोष आहे असा नाही. त्याला पाणी आणि फवारणी लागते, यंत्रमागाला वीज लागते, आणि आपल्या राज्याची वीज अजून बहुतांशी कोळशाची. कार्यक्रमात फुकट वाटलेल्या, वर्षभर दारामागे टांगलेल्या नव्याकोऱ्या पिशव्यांची बाजू या हिशेबात लंगडीच पडते.

जुन्या साडीची पिशवी मात्र वेगळी. तिच्या कापसाचा भार साडीच्या खात्यावर टाकायचा, की थोडा पिशवीच्याही? रूढ पद्धतींपैकी एकीत तो सगळा साडीकडेच राहतो. मग पिशवीच्या वाट्याला उरते शिलाई, दोरा आणि पुढची धुलाई. भारतात पर्यावरणस्नेही वस्तूंना चिन्ह देणारी इकोमार्क योजना १९९१ ची आहे आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. पण चिन्ह मिळतं ते अर्ज करणाऱ्या उत्पादकाला. घरी शिवलेली साडीची पिशवी त्या वाटेला जातच नाही.