केराटिन वेगळं, प्रोटीन ट्रीटमेंट वेगळी

रिबॉन्डिंग, म्हणजे रसायनाने केस कायमचे सरळ करणं, सोडून पुन्हा आपल्या कुरळ्या केसांकडे निघालेल्या मुलीला रत्नागिरीच्या पावसाळ्यात आरसा नकोसा होतो. मुळाशी चार बोटं कुरळं, त्याखाली सरळसोट. दमट हवेने नवे केस आणखी वळतात, जुने ढिम्म हलत नाहीत. अशा वेळी पार्लरमध्ये सल्ला मिळतो, "केराटिन करून घे गं, प्रोटीनच तर आहे." माझ्या आतेबहिणीने तो ऐकला. वर्षभर जपून वाढवलेले कुरळे सैल पडले, ते पुन्हा पूर्वीसारखे वळलेच नाहीत. म्हणून हे लिहितेय.

घोटाळा नावाचा आहे. आपला केस मुळात केराटिन याच प्रोटीनचा बनलेला. पण पार्लरमधलं 'केराटिन' म्हणजे बहुतेकदा केस सरळ करण्याचा प्रकार. फॉर्माल्डिहाइड सोडणारं किंवा ग्लायऑक्सिलिक आम्लाचं द्रव्य लावतात, मग २०० अंशांच्या वर तापलेली प्रेस बटेवर पुन्हा पुन्हा फिरवतात. डोळे चुरचुरतात ते त्या वाफेने. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. द्रव्याचा परिणाम काही महिन्यांत उतरतो, पण एवढ्या उष्णतेने झालेली इजा केसात तशीच राहते.

प्रोटीन ट्रीटमेंटमध्ये गव्हाच्या, रेशमाच्या किंवा केराटिनच्याच प्रोटीनचे बारीक तुकडे असतात. ते केसाच्या झिजलेल्या जागी चिकटतात, थोडा आधार देतात आणि काही धुण्यांत निघून जातात. वळण त्याने बदलत नाही. बाटलीवर 'केराटिन' दोन्हीकडे दिसेल, म्हणून विचारायचं एकच: प्रेस करणार का? हो म्हणाल्या, तर उठून या.

प्रोटीनकडून भलती आशाही नको. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाने केसातले गंधकाचे बंध तोडून ते सरळ स्थितीत पुन्हा जोडलेले असतात. तो भाग कशानेच कुरळा होत नाही, तो कापावाच लागतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे खांद्यापर्यंत यायला दोनेक वर्षं धरा. तोवर जुनं-नवं जिथे जुळतं तिथेच केस तुटतात, आणि प्रोटीनचा खरा उपयोग तिथे.

गरज आहे का, ते ओल्या केसावर कळतं. एक केस हलकेच ताणा. रबरासारखा लांबत जाऊन परत आला नाही, तर प्रोटीन हवं. न ताणताच कट्‌कन तुटला, तर त्याला ओलावा आणि कंडिशनर हवा. अशा केसावर आणखी प्रोटीन लावलं तर तो काथ्यासारखा ताठ होतो. अंड्याचंही सांगते: त्यातलं प्रोटीन एवढं मोठं असतं की केसात शिरत नाही, वरवर बसतं.

आपल्या घरातली एक गोष्ट मात्र खरंच कामाची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल तपासली गेली. केसातून प्रोटीन निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने. ते केसाच्या आत शिरतं. न्हाण्याआधी, विशेषतः जुनं-नवं जुळतं त्या जोडावर, चोळून लावा.

बहीण आता दर दोन महिन्यांनी सरळ टोकं दोन बोटं कापते. विंचरते फक्त ओल्या केसांवर, जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस लावून, रुंद दातांच्या फणीने, खालून वर.