उमेदवाराची चिकाटी आणि उमेदवाराचा हेका

नागपुरात हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधल्या कंपन्यांकडे येणाऱ्या अर्जांत एक अर्ज हमखास असतो: पदवीनंतरची काही वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात गेली, निवड झाली नाही आणि आता उमेदवार नोकरीच्या शोधात आहे. एक मुलाखतकार ही वर्षे वाया गेली असे धरतो, दुसरा त्यांनाच चिकाटीचा पुरावा मानतो. माझ्या मते दोघेही नुसती वर्षे मोजतात, आणि वर्षांवरून चिकाटी व हेका यांतला फरक कळत नाही, कारण टिकून राहणे दोन्हींत सारखेच दिसते.

फरक कळतो तो दोन प्रयत्नांच्या मधल्या काळात. चिकाटीचा माणूस अपयशाचे कारण शोधतो आणि उद्दिष्ट तेच ठेवून रीत बदलतो. हेकेखोर माणूस रीतच धरून बसतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा रोज उत्तरे लिहून ती जाणकाराकडून तपासून घेऊ लागलेला आणि जुन्याच बहुपर्यायी प्रश्नसंचांची उजळणी करत राहिलेला, या दोघांच्या अर्जांवर वर्षे सारखीच दिसतील. म्हणून ‘किती वेळा परीक्षा दिली?’ यापेक्षा ‘दुसऱ्या वेळी वेगळे काय केले?’ हा प्रश्न अधिक सांगून जातो. कारखान्यातही हेच आहे: मोटर वारंवार ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत असताना एक तंत्रज्ञ दर वेळी ती बंद करणारा रिले रीसेट करतो, तर दुसरा करंट मोजतो, बेअरिंग तपासतो आणि नोंद ठेवतो.

मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलेल्या चिकाटीच्या मोजमापात प्रयत्नांतील सातत्य आणि आवडीतील सातत्य असे दोन भाग होते. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीशी पहिल्या भागाचा संबंध दुसऱ्यापेक्षा बराच अधिक आढळला. त्यामुळे परीक्षेची वाट सोडून नोकरीकडे वळलेल्या मुलामुलींना धरसोड करणारे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

‘दुसऱ्या वेळी वेगळे काय केले?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक उमेदवाराला त्याच शब्दांत विचारावा आणि कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे हे मुलाखतीपूर्वीच ठरवावे. नाहीतर आपला संघर्ष रंगवून सांगणाऱ्याला गुण मिळतात आणि मोजके बोलून नेमका बदल सांगणारा मागे पडतो.