डेव्हिड क्रॉकेट यांचं ‘ते’ भाषण

टेनेसीच्या रानात शेती-शिकार करणारे डेव्हिड क्रॉकेट अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. त्यांच्या नावावर एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय. जॉर्जटाऊनच्या आगग्रस्तांना सरकारी तिजोरीतून वीस हजार डॉलर द्यायला त्यांनी मत दिलं. मग नांगर धरलेल्या एका शेतकऱ्याने बांधावरच त्यांना खडसावलं, ‘हा पैसा वाटायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?’ पुढे एका विधवेच्या मदतीचा ठराव आला, तेव्हा क्रॉकेटनी त्याविरुद्ध जोरदार भाषण ठोकलं.

किस्सा झकास आहे, पण तारखा पाहा. वीस हजारांची मदत मंजूर झाली ती वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया गावच्या आगीसाठी, जानेवारी १८२७ मध्ये. क्रॉकेट यांची मुदत सुरू झाली त्याच वर्षी मार्चमध्ये. सभागृहात नसलेला माणूस मत देणार कसं?

भाषणही छापून आलं १८६७ साली, एका मासिकात. क्रॉकेट तर १८३६ मध्येच टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारले गेले होते.

अगदीच हवेतली गोष्ट नाही म्हणा. १८२८ मध्ये लष्करप्रमुख जनरल ब्राऊन यांच्या विधवेला मदत देण्याला त्यांनी विरोध केला, आपला वाटा खिशातून द्यायची तयारीही दाखवली. ते लांबलचक भाषण मात्र संसदेच्या नोंदींत नाही. आणि सरकारने कुणाला काही देऊच नये, असा त्यांचा खाक्याही नव्हता. टेनेसीतली पडीक सरकारी जमीन तिथे राबणाऱ्या गरीब वसाहतकऱ्यांना मिळावी, म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले.