अल्ब्युमेन प्रिंट

अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो. जुने फोटो जमवणाऱ्यांच्या हाती येणारे साधारण १८५५ ते १८९० मधले कागदी फोटो बहुतेक याच जातीचे, साल मात्र अंदाजानेच धरायचं.

शोध कोणाचा यावर घोळ आहे. न्येप्स द सँ-व्हिक्टर या फ्रेंच माणसाने १८४७-४८ च्या सुमारास अंड्याचा पांढरा भाग वापरला खरा, पण काचेच्या निगेटिव्हसाठी, आणि तिथूनच काहीजण त्याला अल्ब्युमेन प्रिंटचा जनक करून टाकतात. कागदावर प्रिंट काढायची रीत ब्लांकार-एव्हरार याने मे १८५० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली, म्हणून मान त्यालाच देणं जास्त बरोबर वाटतं. कार्त-द-व्हिझितचंही (भेटकार्डाएवढ्या कार्डावर चिकटवलेला छोटा फोटो) तसंच, पेटंट दिसदेरी या फ्रेंच फोटोग्राफरचं (१८५४), पण मार्सेच्या दोदेरोने ती कल्पना १८५१ मध्येच मांडली होती असं दिसतं, फक्त धंदा दिसदेरीला जमला.

पातळ कागद मीठ मिसळलेल्या पांढऱ्या भागावर तरंगवायचा, वाळला की सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून परत वाळवायचा, वर निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचा. डेव्हलपर लागत नाही, चित्र उन्हातच उमटतं, मग सोन्याच्या क्षाराचं टोनिंग (रंगछटा बदलणं), हायपो (न वापरलेली चांदीची संयुगं काढून चित्र पक्कं करणारं रसायन) आणि भरपूर पाणी. ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८८ मध्ये दिवसाला ६०,००० अंडी फुटायची म्हणे, पिवळ्या बलकाचं काय करायचे हा वेगळाच विषय.

बाजारात तपकिरी दिसेल ते सगळं 'सेपिया' म्हणून खपवतात, तिथे भिंग काढायचं. अल्ब्युमेनमध्ये थराखालून कागदाचे तंतू दिसतात, बारीक भेगा असतात, उजळ भाग पिवळे पडलेले असतात. आधीच्या सॉल्ट प्रिंटला (अंड्याच्या थराशिवाय, नुसत्या मीठ लावलेल्या कागदावरचा फोटो) चकाकी नसते, चित्र कागदातच मुरलेलं असतं. १८८० नंतरच्या जिलेटिन पीओपीत (उन्हातच चित्र उमटणारा, जिलेटिनचा थर दिलेला कागद) मध्ये बराइटाचा (बेरियम सल्फेटचा) पांढरा थर येतो म्हणून तंतू झाकले जातात. ठिपके दिसले तर ती छापखान्यातली छपाई, फोटो नव्हे, पैसे परत खिशात! कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर सुरळी होते, म्हणून जाड कार्डावर चिकटवायचे, आणि मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव असेल तर काळ ठरवायला त्याची मदत होते, पण जुना कार्डांचा साठा स्टुडिओवाले पुढेही वापरत असणार, तेव्हा फार विसंबू नये.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले इथले नावाजलेले फोटोग्राफर. विल्यम जॉन्सनच्या मुंबईतल्या जातीजमातींवरच्या दोन खंडांत (१८६३, १८६६) माणसं एका निगेटिव्हवरची आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरचा, त्यामुळे त्यातली जागा पुरावा म्हणून धरू नये.

दमट हवा आणि उजेड, दोन्ही या प्रिंटचे वैरी. पीव्हीसीचे पाकीट आणि चिकट पानांचे अल्बम टाळावेत.