भिंत पाडणाऱ्या मजुरासाठी नियम कधी आले?

जुनी इमारत पाडताना भिंत अंगावर येऊन मजूर गाडला गेला, ही बातमी आपण इतक्यांदा वाचलीय की पुढच्या बातमीवर जातो, पण हे का होतं ते समजून घ्यायला पाहिजे. वाड्यात किंवा जुन्या चाळीत भिंत एकटी उभी नसतेच, लाकडी तुळया आणि पाटण, म्हणजे मजल्याची फळ्यांची जमीन, तिला धरून असतात. आणि तोडकामाचा व्यवहार असा की बऱ्याचदा ठेकेदारच मालकाला पैसे देतो आणि मग सागवान, दारं-खिडक्या, लोखंड विकून ते वसूल करतो, म्हणजे जे विकलं जातं तेच आधी निघतं. तुळया गेल्या की दोन मजली भिंत आधाराशिवाय उभी राहते, त्यात पावसाने माती भिजलेली असली तर बघायलाच नको, आणि खाली बिगारी घण मारतोय, कारण वरून एकेक थर उतरवायला वेळ लागतो आणि मुकादमाला घाई आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ५ जून २०१३ ला अमेरिकेत फिलाडेल्फियात अशीच आधार काढलेली भिंत शेजारच्या दुकानावर कोसळली, ७ जणांचा जीव गेला, आणि खटल्यात हेच पुढे आलं की लाकूड विकायला तुळया आधी काढल्या होत्या.

आपल्याकडे कायदा फार उशिरा आला. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट कारखान्यांसाठी, १९६९ ला माथाडी कायदा आला तो हमालांसाठी, नाक्यावरून उचललेल्या बिगाऱ्याचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. १९८० च्या दशकात बांधकाम कामगारांच्या संघटनांनी वेगळ्या केंद्रीय कायद्याची मागणी लावून धरली आणि तो १९९६ ला झाला. त्यात बांधकामाच्या व्याख्येतच पाडकाम आलं, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. १९९८ च्या केंद्रीय नियमांत तोडकामावर वेगळं प्रकरण आलं, महाराष्ट्राचे नियम मात्र २००७ ला आणि कल्याणकारी मंडळ २०११ ला. त्याच्या आधीपासून आयएस ४१३० हे भारतीय मानक होतंच, १९९१ ची त्याची सुधारित आवृत्ती सांगते की भिंत थोडी थोडी करून उतरवा आणि दिवसाचं काम संपताना ती डळमळीत सोडू नका.

पण १९९६ चा कायदा लागू व्हायला किमान १० कामगार लागायचे, आणि स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांच्या आतलं काम त्यातून वगळलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली, त्यातही १० ची अट आहेच. गल्लीतला वाडा पाडायला सहा-सात माणसं येतात, डोक्याला टॉवेल बांधून, पायात स्लीपर.