तलावपाळी ते चेंदणी : ठाण्याच्या जुन्या रस्त्यांची पार्श्वभूमी

ठाण्याचे जुने शहर पायी पाहण्यासाठी तलावपाळीवरून निघालेला माणूस जांभळी नाका, टेंभी नाका, कोर्ट नाका, खारकर आळी आणि चेंदणी एवढी ठिकाणे अर्ध्या दिवसात सहज पाहून येतो. एवढ्या लहान परिसरात सुमारे हजार वर्षांचा लिखित इतिहास दाटीने उभा आहे, आणि तरीही तो चटकन नजरेस पडत नाही, याचे कारण हे शहर एकेकाळी ज्या दिशेला तोंड करून बसले होते ती दिशाच पुढे बदलली. खाडीकडे पाहणारे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेल्वे स्थानकाकडे पाहू लागले. आज बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या अनेक अरुंद वाटा एकेकाळी शहराच्या दर्शनी वाटा होत्या, हे ध्यानात ठेवले तर इथल्या रस्त्यांची रचना उलगडू लागते.

कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत या गावाचे नाव स्थानक किंवा श्रीस्थानक असे येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट सापडला, आणि पुढच्याच वर्षी त्याचे भाषांतर कलकत्त्याहून छापले गेले. भारतातील कोरीव लेखांचा आधुनिक अभ्यास त्या वेळी नुकताच सुरू होत होता, आणि त्याच्या अगदी आरंभीच्या साधनांत ठाण्याच्या मातीतून निघालेला हा पत्रा आहे, याची जाण ठाणेकरांनाही फारशी नसावी, ही खंत इथे नोंदवावीशी वाटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिले. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक येथे मारले गेले आणि त्या घटनेमुळे ठाण्याचे नाव युरोपातील मठांपर्यंत पोहोचले. परदेशी माणूस या गावात येई तो खाडीतूनच.

तलावपाळी या नावात रस्त्याची मूळ ओळख जपलेली आहे. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि मासुंदा तलावाच्या पाळीवरून जाणारी वाट ती तलावपाळी. काठावरच्या कौपिनेश्वर मंदिराची परंपरा शिलाहार काळाशी जोडली जाते, मात्र आजचे मंदिर पेशवाईतील आहे. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये ते बांधवले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. याच तलावाच्या परिसरात पोर्तुगीज काळापासूनची परंपरा सांगणारे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, आणि काठावरच १९७८ मध्ये उभे राहिलेले गडकरी रंगायतन आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळीच्या पहाटे तरुणांची होणारी गर्दी यांसाठी ठाणेकर याच परिसरात येतात, कारण गावाने एकत्र यावे अशी मोकळी जागा पूर्वीही तलावाचा काठ हीच होती.

कोर्ट नाक्याकडे गेल्यावर दुसरा थर लागतो. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणे ज्या बेटावर आहे ते बेट, पोर्तुगीजांकडे गेली, पण ठाण्याचा किल्ला त्यांनी बऱ्याच उशिरा, १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरता उभा राहण्याआधीच, १७३७ च्या वसंतात, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांनी या मोहिमेसाठी आधीपासून खटपट केली होती. वसईचा विजय १७३९ चा आहे आणि तोच लोकांच्या स्मरणात अधिक राहिला, तरी त्या मोहिमेचा आरंभ ठाण्यापासून झाला होता. डिसेंबर १७७४ मध्ये किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पुण्यावर पेशव्यांचा अंमल असतानाच ठाणे कंपनी सरकारचे झाले होते, आणि कचेऱ्या, न्यायालय व तुरुंग यांचे गाव हे त्याचे रूप तेव्हापासून घडत गेले.

किल्ल्याचा तुरुंग झाला, तो आजही तुरुंगच आहे. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथील कैदेतून निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड उभारणाऱ्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी देण्यात आले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींच्या आत फासावर गेले. कोर्टाच्या कामासाठी धावपळ करणारी माणसे रोज या तटावरून जातात. त्यांच्यापैकी थोड्यांनी तरी तिथे क्षणभर थांबावे, असे मनापासून वाटते.

टेंभी नाक्याच्या परिसरात पारशांची अग्यारी आणि १८७९ मध्ये बांधलेले ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे बेने इस्रायली ज्यू समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची घरची भाषा होती. फौजेच्या आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने त्यांच्यातील अनेक कुटुंबे ठाण्यात स्थिरावली. सरकारी कचेऱ्या आणि त्यांभोवतीचे व्यवहार यांमुळे इतके वेगवेगळे समाज जवळजवळ राहू लागले. नवरात्रातील टेंभी नाक्याची देवी पाहण्यासाठी लोटणारी गर्दी या इमारतींच्या आसपासूनच पुढे सरकत असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून दुपारी साडेतीननंतर निघालेली, चौदा डब्यांची आणि चारशे प्रवाशांची आगगाडी ठाण्याला पोहोचली. भारतातील प्रवासी रेल्वेचा हा पहिला प्रवास चौतीस किलोमीटरचा होता. पुढच्याच वर्षी १ मे रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाऊ लागली. बंदर मागे पडले, स्टेशन रोड पुढे आला, आणि बाजारपेठ तलाव व स्थानक यांच्या मध्ये पसरत गेली. नौपाडा, पाचपाखाडी, उथळसर ही नावे मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या पत्त्यांत येऊ लागली. त्यांपैकी काहींच्या पोटातले पाडा, पाखाडी हे शब्द तिथल्या जुन्या वस्तीची खूण आजही सांगतात.

नव्या वर्गाबरोबर नव्या संस्थाही आल्या. १८६६ मध्ये येथून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले, आणि १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा हा त्यामागचा विचार होता आणि इतिहास संशोधक विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांत होते. माझ्या मते रेल्वेने ठाण्याला दिलेल्या गोष्टींत या वाचनसंस्कृतीचे मोल सर्वांत अधिक आहे.

जुन्या बाजारातल्या रस्त्यांना पुढे सुभाष पथ, शिवाजी पथ अशी नावे मिळाली, तरी रिक्षात बसताना लोक जांभळी नाका किंवा तलावपाळी असेच सांगतात. आळी, नाका, पाळी आणि बंदर हे शब्द बोलण्यातून गेलेले नाहीत.

चेंदणीला हे विशेष जाणवते. हा कोळीवाडा शहरातील फार जुन्या वस्त्यांपैकी एक आहे, आणि रेल्वेच्या रुळांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. ज्या खाडीने ठाण्याला गलबते, व्यापारी आणि सैन्ये आणून दिली, तिच्याशी रोजचा संबंध याच वस्तीने अधिक काळ टिकवला. नारळी पौर्णिमेला इथले कोळी नारळ घेऊन खाडीवर जातात. पूर्वेकडच्या भागात खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याचे नाव अजूनही मीठबंदर रोड असेच आहे.