स्वतःला हसणे आणि स्वतःवर हसणे: स्त्रियांच्या आत्मस्वीकारामागील विनोदाची पार्श्वभूमी

स्त्रियांसाठीच्या आत्मविकास शिबिरांत, समुपदेशनात आणि आधारगटांत विनोदाचा जाणीवपूर्वक उपयोग केला जातो, याचे आज कोणाला फारसे नवल वाटत नाही. ही पद्धत मात्र एका मुळातून वाढलेली नाही. तिच्यात मानसशास्त्राचा आणि स्त्री-चळवळीचा असे दोन प्रवाह येऊन मिळाले आहेत. हे प्रवाह बराच काळ एकमेकांना अनोळखी होते आणि ‘स्वीकार’ या एकाच शब्दाला त्यांनी जवळजवळ उलट अर्थ दिले होते. या शब्दाचा गुंता पुरता सुटलेला नसल्यामुळे तो समजून घेतल्याशिवाय आजच्या पद्धतीतील मतभेदही नीट समजत नाहीत.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. कन्येच्या विरहाने अन्नपाणी सोडलेल्या देवतेला एका दासीच्या थट्टेने हसू फुटले आणि मग तिने पेयाचा घोट घेतला, अशी कथा एका प्राचीन ग्रीक स्तोत्रात येते. दुःखी स्त्रीला दुसऱ्या स्त्रीने हसवून सावरण्याची कल्पना इतकी जुनी आहे. तरीही स्त्रियांना विनोदबुद्धीच नसते हा समज एकोणिसाव्या शतकापर्यंत पक्का होता आणि तो खोडून काढण्यासाठी १८८५ मध्ये अमेरिकेतील एका लेखिकेला स्त्रियांच्या विनोदाचे आख्खे संकलन प्रसिद्ध करावे लागले.

मानसशास्त्राने विनोदाकडे आधाराचे साधन म्हणून पाहण्याची सुरुवात १९२७ मधील एका निबंधाने झाली. मनातील कठोर, टोचणी लावणारा भाग विनोदाच्या क्षणी धीर देणाऱ्या पालकासारखा वागतो आणि घाबरलेल्या ‘मी’ला जग वाटते तितके भयंकर नाही असे सांगतो, हा त्या निबंधाचा गाभा होता. त्यात उदाहरण होते ते सोमवारी फाशीसाठी नेल्या जाणाऱ्या आणि आठवड्याची सुरुवात झकास झाली असे म्हणणाऱ्या कैद्याचे. पुढे १९३७ मध्ये एका अमेरिकी व्यक्तिमत्त्व-अभ्यासकाने परिपक्वतेची खूण सांगितली: आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टींवर, त्यात आपण स्वतःही आलो, हसता येणे आणि तरीही त्यांच्यावरचे प्रेम टिकवणे. या वाक्याचा उत्तरार्ध पुढच्या अनेक पुस्तकांतून गळून गेला, आणि माझ्या मते पुढचा बराचसा गोंधळ तिथेच सुरू झाला. प्रेम वगळले की उरते ते केवळ हसणे.

या सिद्धान्तांना स्त्रियांचे प्रत्यक्ष जगणे ठाऊक नव्हते. ते कसे होते हे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणातून दिसते. एका मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या बैठकांत कोण विनोद करते आणि कोणावर करते, याची एका समाजशास्त्रज्ञ स्त्रीने नोंद ठेवली. १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांनी केलेले होते. त्याच बैठकांत स्त्रिया कमी हसत होत्या असे मात्र नव्हे. हसण्यात त्या पुढेच होत्या. विनोद पदाच्या उतरंडीने वरून खाली वाहत होता आणि हजर असलेल्या वरिष्ठाला कनिष्ठाने लक्ष्य केल्याचे त्यात आढळले नाही. स्त्रीच्या वाट्याला दाद देण्याचे काम आले होते.

याच सुमारास रंगमंचावर एकटीने उभे राहून प्रेक्षकांना हसवणाऱ्या स्त्रिया अमेरिकेत नाव मिळवू लागल्या होत्या. त्यांचा हुकमी विषय म्हणजे त्या स्वतः: आपला चेहरा, आपले वय, आपला गबाळेपणा. विनोद करणारी स्त्री अंगावर येणारी वाटू नये, म्हणून तिने आधी स्वतःलाच खाली ओढायचे, असा तो अलिखित करार होता. ध्वनिमुद्रित कार्यक्रमांच्या १९७६ मधील एका छोट्या अभ्यासात स्त्री कलावंतांच्या विनोदांपैकी ६३ टक्के स्वतःला कमी लेखणारे, तर पुरुष कलावंतांचे तसे विनोद १२ टक्के आढळले. या स्त्रियांना दोष देणे अन्यायाचे होईल. बोलायला मिळावे म्हणून त्यांनी जी किंमत मोजली, ती मोजल्यामुळेच पुढच्या पिढीला व्यासपीठ मिळाले.

दुसरा प्रवाह वाढला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या छोट्या स्त्री-गटांमधून. पाच-दहा जणींनी वर्तुळात बसावे आणि पाळीपाळीने आपला अनुभव सांगावा, एवढीच त्यांची रीत होती. जी गोष्ट केवळ आपल्याच बावळटपणामुळे घडली असे वाटत होते, तीच समोरच्या चौघींच्याही बाबतीत घडली आहे हे कळल्यावर येणारे हसू हे लाजेचे ओझे उतरवणारे हसू असते. त्याच काळात, १९७५ मध्ये, एका फ्रेंच लेखिकेने केसांच्या जागी साप असलेल्या, जिच्याकडे पाहणारा दगड होतो असे मानले गेले त्या पुराणकथेतील स्त्रीकडे नव्याने पाहिले आणि ती संहारक नसून सुंदर आहे आणि हसते आहे, असे लिहिले. जिला भयंकर ठरवले गेले तिचे हसणे हा तिच्या स्वतःच्या शरीराशी होणारा समेट ठरू शकतो, हा विचार तिथून पुढे रुजला.

खरा पेच निर्माण झाला तो १९८० मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्त्रियांच्या विनोदाच्या एका संकलनात संपादिकेने स्पष्ट भेद मांडला. परिस्थिती मान्य करून तिच्यावर हसणारा तो निव्वळ ‘स्त्रियांचा विनोद’, आणि जाच मान्य करायला नकार देणारा तो ‘स्त्रीवादी विनोद’. पहिल्याची भूमिका मराठीत एका शब्दात सांगता येते: ‘चालायचंच!’ पदरी पडले आणि पवित्र झाले, या म्हणीत जो स्वीकार आहे, तोच या मांडणीत दोषास पात्र ठरला. दुसरीकडे समुपदेशनाच्या क्षेत्रात ‘स्वीकार’ हेच ध्येय होते. त्यामुळे चळवळीतील अनेकींना आत्मस्वीकाराची शिबिरे म्हणजे बंडाची धार बोथट करण्याचा उद्योग वाटला, तर समुपदेशकांना चळवळीचा विनोद केवळ रागाने भरलेला वाटला.

वास्तविक, स्वीकार कशाचा करायचा, हे दोघांच्या मनात वेगळे होते. एकीकडे परिस्थितीचा स्वीकार होता, दुसरीकडे स्वतःचा. स्वतःला पुरते स्वीकारलेली स्त्रीच पुष्कळदा परिस्थिती स्वीकारायला नकार देऊ शकते, ही गोष्ट या वादात कोणीच पुरेशा ठामपणे मांडली नाही असे मला वाटते. या बाबतीत मराठीने मदतच केली असती. आपल्याकडे ‘एखाद्याला हसणे’ म्हणजे त्याची टर उडवणे. ‘स्वतःवर हसणे’ यात थोडे अंतर आणि थोडी माया आहे, आणि ‘स्वतःशी हसणे’ तर समाधानाचे.

हा भेद एका साध्या प्रसंगात पाहता येतो. एकीला बैठकीला उशीर झाला आहे. ती आत येऊन म्हणते, ‘माझ्या डोक्यात भुसाच भरलाय, माझ्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार!’ लोक हसतात, ती खाली बघते. दुसरी म्हणते, ‘अर्धा तास चष्मा शोधत होते, शोधताना नीट दिसावं म्हणून तो डोळ्यांवर लावला होता.’ लोक हसतात, तीही हसते. पहिलीने माणूस म्हणून स्वतःची किंमत कमी केली. दुसरीने फक्त एक फजिती सांगितली आणि ती ऐकताना प्रत्येकीला स्वतःचा चष्मा आठवला.

उपचारात विनोद वापरावा की नाही यावर एकमत नव्हते. विनोदामुळे समोरच्याचे दुःख दडपले जाऊ शकते, असा इशारा १९७१ मध्ये एका मनोविकारतज्ज्ञाने दिला होता. उलट १९७६ मध्ये एका संपादकाने स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिले की दहा मिनिटांच्या मनमोकळ्या हसण्याने त्याला दोन तास वेदनारहित झोप मिळे. या अनुभवाने लोकांना भारून टाकले. १९९० च्या दशकात विनोदाचे प्रशिक्षण देणारे कार्यक्रम आले. त्यांपैकी एका प्रसिद्ध सात पायऱ्यांच्या कार्यक्रमात स्वतःवर हसणे ही सहावी पायरी होती, आणि ते योग्यच होते, कारण खेळकरपणाची सवय नसलेल्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी स्वतःवर हसायला लावणे म्हणजे तिच्या जखमेवर बोट ठेवणे होय.

गुंता मोजमापाच्या पातळीवर सुटू लागला तो २००३ मध्ये. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ३२ विधानांच्या प्रश्नावलीने विनोदाच्या चार शैली वेगळ्या केल्या: नाती जोडणारी, स्वतःला सावरणारी, इतरांवर वार करणारी आणि स्वतःला तोडणारी. सावरणाऱ्या शैलीचा संबंध आत्मसन्मानाशी, तर तोडणाऱ्या शैलीचा खिन्नतेशी आणि चिंतेशी दिसला. तोडणाऱ्या शैलीत पुरुषांचे गुण स्त्रियांपेक्षा अधिक आले, ही बाब रंगमंचावरून झालेल्या समजाला छेद देणारी होती. त्याच वर्षी आत्मकरुणेची, म्हणजे स्वतःशी मायेने वागण्याच्या वृत्तीची, २६ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. ‘चुका सगळ्यांच्याच होतात’ ही सामायिक माणूसपणाची जाणीव तिच्यातील एक मुख्य घटक होती. स्त्री-गटांच्या वर्तुळातील हसण्याला पहिल्यांदाच शास्त्राच्या भाषेत नाव मिळाले.

वाद मात्र मिटला नाही. २०१८ मध्ये सर्वत्र पाहिल्या गेलेल्या एका कार्यक्रमात ऑस्ट्रेलियातील एका कलावंताने जाहीर केले की समाजाच्या कडेला ढकललेल्या व्यक्तीने स्वतःला कमी लेखणे ही नम्रता नसून मानहानी आहे. त्याच वर्षी स्पेनमधील एका संशोधनात स्वतःला तोडणाऱ्या विनोदाचा संबंध आनंदी वृत्तीशी आढळला आणि संस्कृतीनुसार उत्तर बदलते की काय, असा प्रश्न उभा राहिला. २०१९ मधील एका प्रयोगात कामाच्या ठिकाणचे तेच सादरीकरण विनोदासह केल्यावर पुरुषाची प्रतिष्ठा वाढली आणि स्त्रीची घटली. शिबिराच्या खोलीत शिकलेले हसू बाहेर वापरताना तिला कोणत्या नजरेला तोंड द्यावे लागते, हे त्यातून दिसते.

अशा प्रश्नावल्या मराठीत आणताना हा सगळा इतिहास एका विभक्तीप्रत्ययावर येऊन ठेपतो. विधानात ‘स्वतःला हसते’ लिहिले की एक उत्तर मिळेल, ‘स्वतःवर हसते’ लिहिले की दुसरे, आणि दोन्ही उत्तरे देणारी स्त्री तीच असेल.